बायादेर : एका नावाचा प्रवास

एव्हरशाईन सिटीत राहायला आलो तेव्हा मी वालीवच्या एका गारमेंट युनिटमध्ये कापड तपासायचं काम करत होतो. एकदा परदेशी बायरच्या कागदावर आडव्या पट्ट्यांच्या कापडापुढे ‘बायादेर’ असा शब्द आला. आमचे कटिंग मास्तर म्हणाले, “असेल कुठल्या तरी गावाचं नाव.” मी तो वहीत टिपून ठेवला. फ्रेंच मला येत नाही, नृत्याचं शिक्षण तर नाहीच. शब्दकोश आणि जुन्या बाजारात मिळालेली इंग्रजी पुस्तकं एवढ्या भांडवलावर त्या शब्दाच्या मागे लागलो आणि पोचलो घराच्या जवळच.

‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’वरून आला. अर्थ, नाचणारी बाई. हिंदुस्थानातले पोर्तुगीज देवळांतल्या नर्तकींना, गोव्याकडच्या कलावंतिणींना हे नाव देत. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत त्यांचंच राज्य होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या बाईला परक्याने दिलेलं हे नाव पुढे पॅरिसला गेलं. बाई मात्र इथेच राहिली.

१८३० साली पॅरिसच्या ऑपेरामध्ये मारी ताल्योनी ‘देव आणि बायादेर’ या संगीतिकेत नाचली. दोनच वर्षांनी, १२ मार्च १८३२ला, तिने ‘ला सिल्फीद’ केलं आणि ज्याला रोमँटिक बॅले म्हणतात त्याला रूप आलं. घट्ट चोळी, खाली पोटरीपर्यंत घंटेसारखा फुललेला पांढराशुभ्र तलम घागरा, पाठीला चिमुकले पंख. वर गॅसच्या दिव्यांचा चांदण्यासारखा उजेड. कापडवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ही सगळी जादू वजनाची आहे. एकावर एक थर, पण प्रत्येक थर इतका हलका, की नर्तकी चवड्याच्या टोकावर उभी राहिली की जमीन सोडल्यासारखी दिसावी. लंडनमध्ये तर पुरुषांच्या एका ओव्हरकोटाला ‘ताल्योनी’ हे नाव पडलं.

या शुभ्रतेची किंमत काय होती, हे फॅशनची पुस्तकं सहसा ओझरतं सांगतात. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिच्या घागऱ्याने नोव्हेंबर १८६२मध्ये तालमीत गॅसच्या दिव्यावर पेट घेतला आणि आठ महिन्यांनी ती गेली. आग न लागणारं, औषधात बुडवलेलं कापड तेव्हा मिळत होतं. तिने ते नाकारलं होतं, कारण ते कडक व्हायचं आणि पिवळट दिसायचं. मी आयुष्यभर कापडाला हात लावत आलो, त्यामुळे मला तिचा नकार कळतो. कडक कापड पडतच नाही, उभं राहतं. पण अशी निवड करायची वेळ जिच्यावर येते, तिच्या ‘अशरीरी’ असण्याचं कौतुक वाचताना मला अस्वस्थ होतं.

खरी बायादेर पॅरिसला पोचली ती १८३८मध्ये. पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा छोटा संच व्हारायटी थिएटरात नाचला. त्यांतल्या अमनीवर तेओफिल गोत्ये या कवी-समीक्षकाने भरभरून लिहिलं आणि बार नावाच्या शिल्पकाराने तिची छोटी ब्राँझमूर्ती केली. अनवाणी पाय, घोट्यात घुंगरू, जमिनीवर ठामपणे पडणारं पाऊल. आठ वर्षं ज्या नावाने चवड्यावर तरंगणारी बाई पाहिली, तिचा हा जमिनीला धरून असलेला प्रकार. पण बॅलेने तो घेतला नाही, नाव तेवढं घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आडव्या पट्ट्यांच्या कापडाची टूम आली, तिलाही तेच नाव चिकटलं. पुढे १८७७मध्ये पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने ‘ला बायादेर’ बसवलं. त्यात निकिया ही देवळातली नर्तकी साप चावून मरते आणि नायकाला अफूच्या धुंदीत तिच्या सावल्या दिसतात, एकीमागून एक, सगळ्या पांढऱ्या घागऱ्यात. समीक्षक या प्रवेशाला बॅलेचं शिखर मानतात. असेलही. मला मात्र त्यात एवढंच दिसतं, की तिचे हिंदी कपडे उतरायला तिला आधी मरावं लागलं.

यावर आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे वेगळं काय झालं? ताल्योनीच्या तारखेलाच, १२ मार्चला, पण १९११ साली, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्यांची लुगडं नेसायची ढब, केसांतली फुलं, दागिने प्रतिष्ठित घरांतल्या बायका उचलत, हेही आपण अभिमानाने सांगतो. ‘बायकांनी बाईपण पुरुषाकडून शिकावं’ असं चमकदार वाक्यही त्यावर लिहिलं जातं. ते मला पटत नाही. नऊवारीचा काष्टा काय बालगंधर्वांनी शोधला? तो त्यांनी घराघरांतल्या बायकांकडूनच घेतला आणि आपल्या अलौकिक नजरेने नेमका केला.

प्रश्न तो नाहीच. तेच भरजरी लुगडं, तीच वेणी कलावंतिणीच्या अंगावर असती, तर पुण्या-मुंबईच्या कुलीन घरात तिची नक्कल झाली असती? स्त्रियांच्या नाटकमंडळ्या होत्या, त्यांतल्या बायका गात होत्या, नटत होत्या. त्यांची फॅशन झाल्याचं कौतुक आपण सांगत नाही. कुलीन घरातल्या पुरुषाने नेसल्यावरच ते लुगडं ‘स्वच्छ’ झालं. पॅरिसला बायादेर शुभ्र करावी लागली, इथे ती पुरुष करावी लागली. बालगंधर्वांच्या गाण्याला, अभिनयाला यात कमीपणा येत नाही. ‘एकच प्याला’तली त्यांची सिंधू जुनेऱ्यातच उभी राहिली आणि प्रेक्षक रडले, म्हणजे रेशमाशिवायही त्यांचं अडत नव्हतं. पण पोशाखाची श्रीमंती कंपनीच्या कर्जाला हातभार लावत राहिली आणि तीच आपण वैभव म्हणून आठवतो.

१ जुलै १९३३ला ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलं. बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. पोशाख घरात नेसतात तसे. त्यांतल्या ज्योत्स्ना भोळे यांचा जन्म गोव्यातल्या बांदिवड्याचा.