जोतीरावांचे निवेदन आणि आपले पगारपत्रक

फेब्रुवारीच्या पगारातून प्राप्तिकर कापला गेला की आमच्या हिंगोलीकडच्या प्राध्यापक-कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कर आम्ही भरायचा, पोरं यांची फुकट शिकणार, आणि बी. ए. होऊन करतात काय?’ असे बोलणाऱ्यांत आता आपलेही लोक आहेत. म्हणून जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढील १८८२ चे निवेदन पुन्हा वाचले पाहिजे.

शिक्षणावर खर्च होणारा पैसा कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, असे जोतीरावांनी बजावले. बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. त्यात हिशेब, शेती, आरोग्य यांचे ज्ञान हवे, असे सांगितले.

पण या निवेदनाच्या आधारे उच्च शिक्षणच निरुपयोगी ठरवणे हा त्याचा विपर्यास होय. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. त्या वाटेनेच मराठवाड्यातला दलित पदवीपर्यंत पोचला.

माझी आई शेतमजूर. तिने प्राप्तिकर कधी भरला नाही. पण साबण, चपला घेताना प्रत्येक वेळी कर दिला. माझ्या पदवीत तो पैसा आहे. आज हळदीच्या शेतात राबणारी बाईही तो देतेच. मग फुकट कोण शिकले?

आणि बी. ए. निरुपयोगी असेल, तर ती शिकवतो कोण? आपणच. जोतीरावांच्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याला द्यायचे आहे.