‘चोर’ आणि ‘साव’ : संशयाच्या भाषेची एक चिकित्सा

कुरुंदा हे वसमत तालुक्यातील गाव मराठी वाचकास बहुधा नरहर कुरुंदकर यांच्या आडनावावरून परिचित असते. प्रस्तुत टिपणात मात्र या गावाचा निर्देश निराळ्या कारणासाठी करावयाचा आहे. कुरुंदा ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडते, त्या जिल्ह्याच्या ठाण्याचे नाव इंग्रजी साहित्यातील एका प्रसिद्ध गुन्हेगारी कादंबरीच्या प्रस्तावनेत येते. आणि पोलिसांच्या नेणिवेतील पूर्वग्रहाचा विचार करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास त्या उल्लेखाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

ही कादंबरी म्हणजे फिलिप मेडोज टेलर याची 1839 साली प्रसिद्ध झालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ होय. टेलर हा निजामाच्या नोकरीतील अधिकारी होता. अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर आपली हकीकत सांगतो, अशी या कथेची मांडणी आहे. म्हणजेच कादंबरीचा घाट मुळातच जबानीचा आहे. सांगणारा बेडीत आहे, ऐकणारा सत्तेवर आहे, आणि काय सांगण्याजोगे आहे हे ऐकणाऱ्याच्या कुतूहलावर ठरते. ठग हा जन्माने, संस्काराने व गूढ धर्मश्रद्धेने घडतो, तो सामान्य माणसाहून वेगळ्या जातीचा प्राणी आहे, अशी वाचकाची समजूत या घाटामुळे दृढ होत जाते.

परंतु प्रस्तावनेत टेलरने दिलेली एक हकीकत या समजुतीस छेद देणारी आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनेही त्याच्याशी देवघेव केलेली होती. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून या व्यापाऱ्याने मुलकी अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला. त्याच मार्गाने माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा त्याने साथीदारांसह खून केला आणि तो माल परवान्याच्या आधारे छावणीत आणून उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली नसती, तर हा गुन्हा उघडकीस आलाच नसता, असे टेलर म्हणतो. तो ही गोष्ट ठगांच्या धूर्तपणाचा पुरावा म्हणून सांगतो. आमच्या मते ती अधिकाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा आहे. परवाना देणाऱ्यास समोरच्या माणसाविषयी काहीच ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते केवळ ‘व्यापारी’ हे पद.

येथे मराठीतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘चोर’ याचा प्रतियोगी शब्द म्हणून आपण ‘साव’ हा शब्द योजतो. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’ व त्यावरून ‘साव’ अशी त्याची परंपरा आहे. ‘सावकार’ हा शब्दही त्याच कुळातला. सचोटी आणि सधनता यांचा संकेत एकाच धातूच्या नाण्यावर उमटलेला आहे. उलट, ‘भामटा’ हा शब्द पाहावा. तो लबाडाचा वाचक आहे, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत एका समाजाचे नावही आहे. एका शब्दाने जात सांगावी आणि त्याच शब्दाने गुन्हा सांगावा, अशी स्थिती असता शिपायाच्या मनात द्वेष असण्याची गरज उरत नाही. द्वेषाचे काम भाषा परस्पर करून टाकते. ‘नेणिवेतील पूर्वग्रह’ या संज्ञेचा अर्थ मराठीपुरता तरी असा आहे.

भाषेचा हा उपयोग कायद्यानेही केला. स्लीमनने 1836 साली ठगांच्या सांकेतिक बोलीचा ‘रामसीआना’ हा कोश कलकत्त्यास प्रसिद्ध केला. कोशरचना आणि गुन्हेतपास यांची अशी युती विरळाच. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पात्र अपराध ठरविला. ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र दिली नाही. 1871 च्या कायद्याने हेच तत्त्व संबंध जमातींना लावले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. शब्दांतून तो गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) हे आत्मकथन या दृष्टीने टेलरच्या कादंबरीस दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. येथेही ‘गुन्हेगार’ बोलतो आहे, परंतु समोर साहेब नाही. शिवीसारखे वापरले जाणारे नाव लेखक स्वतः पुस्तकाच्या मथळ्यावर घेतो आणि झडतीचा प्रसंग झडती देणाऱ्या घराच्या आतून दाखवितो.

यावर असा आक्षेप संभवतो की, पोलिसांचा संशय हा अनुभवाचे सार आहे. त्याला पूर्वग्रह कसे म्हणावे? आक्षेप विचारार्ह आहे, कारण संशयाविना तपास होत नाही. परंतु जेथे नित्य झडती होते तेथेच काही सापडते, जे सापडते त्याचीच नोंद होते, आणि ती नोंदच पुढल्या झडतीचे कारण बनते. हिंगोलीच्या व्यापाऱ्याची झडती कोणी घेतली नाही. म्हणून अनुभवाच्या वहीत तो कधी आलाच नाही.

याची किंमत दुहेरी असते. महाराष्ट्रातील 2003 सालच्या एका दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांच्या फाशीवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली शिक्कामोर्तब केले होते. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्या सर्वांस निर्दोष मुक्त केले व प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास शासनास सांगितले. एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेल्या दुसऱ्याच चौघांचा तपास झाला नव्हता, ही गोष्ट या निकालात पुढे आली. निरपराधांची वर्षे गेली, आणि ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले होते ते तपासाबाहेर राहिले. हिंगोलीच्या छावणीत घडले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

भाषाभ्यासकाने येथे काय करावे? अमेरिकेतील ओकलंड शहरी पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांतून 2014 सालच्या 981 वाहन-तपासण्यांचे संभाषण घेऊन एक अभ्यास झाला. तो 2017 साली प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्याचा वंश, अपराधाचे गांभीर्य, स्थळ इत्यादी गोष्टी हिशेबात घेऊनही कृष्णवर्णीयांशी बोलताना आदरदर्शक शब्द कमी पडतात, असे त्यात दिसून आले. मराठीत तर आदर क्रियापदाच्या रूपातच बसलेला असतो. ठाण्याच्या उंबऱ्यावर ‘या, बसा’ कोणास आणि ‘ये, बस तिकडे’ कोणास, हे मोजता येण्यासारखे आहे. कुरुंद्याच्या ठाण्यातील बोलणे असो वा मुंबईच्या, या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वनामांपासून आरंभ करावा. माणसावर पहिला आरोप बहुधा तेथेच ठेवला जातो.