आत्याबाईंच्या ओव्या

वडीलधाऱ्या स्त्रीच्या निधनानंतर तिच्याविषयी जे स्मृतिलेख लिहिले जातात ते वाचून पुष्कळदा असा ग्रह होतो की, महाराष्ट्रातील सर्व आत्या, मावश्या आणि काकू एकाच साच्यातून काढलेल्या होत्या. त्या पहाटे उठत, सर्वांच्या मागून जेवत, कोणास कधी दुखवीत नसत आणि त्यांच्या हातास चव असे. लेख संपत आला म्हणजे एका वाक्यात असेही कळते की, त्या 'फावल्या वेळात' गाणी रचीत. लेखक प्रेमळ असतो, त्याचे अश्रूही खरे असतात. परंतु ज्या एका गुणामुळे ती स्त्री शेजारणीहून निराळी होती, तोच गुण तो फावल्या वेळाच्या खाती मांडून मोकळा होतो. हा दोष आम्ही दुसऱ्याचा म्हणून सांगत नाही. असा एक लेख आमच्याही नावावर आहे, आणि प्रस्तुत लेख हा त्याच लेखाचा समाचार होय.

आमच्या आत्याबाई अर्जुनी मोरगाव येथे नव्वदी ओलांडून वारल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. आमचे बालपण गेले तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १९९९ साली. झाडीपट्टीचा हा भाग म्हणजे भाताची शेते, मोहाची झाडे, आणि कोहळी लोकांनी बांधून ठेवलेली तळी. त्यांतील नवेगावबांधचे तळे बाहेरच्या वाचकांसही ऐकून ठाऊक असेल. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना त्या ओव्या रचीत. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, तेव्हा ओव्या रोवणीच्या चिखलात गेल्या, आणि गुडघे दुखू लागल्यावर गोधडीच्या टाक्यांवर येऊन बसल्या. साठ वर्षे हे चालले होते. यास फावला वेळ म्हणावयाचे असेल, तर आमच्या अध्यापनासही तेच नाव दिले पाहिजे.

आमच्या स्मृतिलेखात या ओव्यांस चार ओळी मिळाल्या, व त्यांच्या हातच्या वडाभातास अकरा. परंतु याहून मोठी चूक त्यापूर्वीच घडून गेली होती. एका दिवाळीच्या सुटीत आम्ही वही घेऊन आत्याबाईंच्या शेजारी बसलो आणि त्रेचाळीस ओव्या उतरून घेतल्या. उतरून घेताना त्या 'शुद्ध' केल्या. झाडीबोलीत ळकाराच्या जागी रकार येतो, णकाराचा नकार होतो, शकाराचा सकार होतो, हे आम्हांस अर्थातच ठाऊक होते, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा केलेला अभ्यासही आमच्या वाचनात होता. तरीही लेखणी हाती येताच आमच्यातील परीक्षक जागा झाला. एका ओवीत त्यांनी 'डोरा' आणि 'मोरा' असे यमक साधले होते. आम्ही 'डोरा'चा 'डोळा' केला, यमक मोडले. मग ते सांधण्यासाठी मोरास हाकलून तेथे 'सोहळा' आणून बसविला. वही वाचून दाखविली तेव्हा आत्याबाई शांतपणे ऐकत होत्या. त्या ओवीपाशी त्यांनी एवढेच विचारले, "माह्या ओवीत मोर होता ना बापू, तो कोठी गेला?"

आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्या प्रश्नास उत्तर नव्हते. हा प्रश्न वास्तविक काव्यपरीक्षणाचाच आहे, आणि पदवीच्या वर्गात पस्तीस वर्षांत आम्हांस कोणी विद्यार्थ्याने तो इतक्या नेमकेपणाने विचारलेला नाही.

स्त्रियांच्या ओव्यांविषयी मराठीत अनास्था होती असे म्हणता येणार नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या मोठ्या जिव्हाळ्याने संग्रहित केल्या. दुर्गाबाई भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' १९५६ साली प्रसिद्ध करून या अभ्यासास शिस्त आणली. परंतु संग्रह विषयवार लागला, म्हणजे माहेर एकीकडे, सासर एकीकडे, भाऊ तिसरीकडे अशी मांडणी झाली की, ओवी 'स्त्रियांची' होते आणि कोणा एकीची राहात नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मावळ-मुळशीकडून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या व गाणारणीचे नाव आणि गाव त्यांसोबत नोंदविले. आमच्या मते या कामाचे निम्मे मोल त्या नावांत आहे. नाव असले म्हणजे ही ओवी चांगली, ती सामान्य, असे म्हणता येते. निनावी परंपरेपुढे केवळ हात जोडता येतात.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढून पाहावे. नारायण वामन टिळक राजनांदगावी नोकरीस होते. आमच्या गोंदियाहून रेल्वेने ते फार लांब नव्हे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात लक्ष्मीबाई स्वतःस देवी करीत नाहीत आणि टिळकांस देव करीत नाहीत. दोघांच्याही फजित्या त्या सारख्याच चवीने सांगतात. म्हणूनच त्या आपल्यास घरातल्या वाटतात. आमच्या स्मृतिलेखात आत्याबाईंची एकही फजिती नव्हती. त्या हट्टी होत्या, भावजयीच्या हातची भाजी त्यांना कधी पसंत पडली नाही, आणि दुसऱ्या बाईची ओवी आवडली तर ती बेधडक आपली म्हणून गात, यांपैकी काहीही आम्ही लिहिले नाही.

मग त्यांच्या ओव्यांचे परीक्षण करावयाचे तर कसे? देवादिकांवरील ओव्या सामान्य आहेत; पंढरी त्यांनी पाहिली नव्हती, आणि ते ओवीत कळते. प्रतापगडच्या यात्रेवरील ओव्या बऱ्या, कारण महाशिवरात्रीस तेथे त्या चालत जात. त्यांत देवापेक्षा वाटेवरची धूळ आणि हरवलेली चप्पल अधिक आहे. भावावरच्या ओव्यांत रूढ कल्पनांची भरताड फार. परंतु रोवणीवरच्या सहा-सात ओव्या आम्ही कोणत्याही संग्रहाशेजारी ठेवावयास तयार आहोत. रोवणी करणारी बाई वाकून मागे मागे सरत असते. ती कोठे चालली हे तिला दिसत नाही, मात्र आपण लावलेले हिरवे तेवढे सतत डोळ्यांसमोर वाढत जाते. एवढीच गोष्ट एका ओवीत आहे. तीत उपमा नाही, विठ्ठल नाही, हुंदका नाही. बालविधवेच्या साठ वर्षांवरचे भाष्य त्यात वाचण्याचा मोह आम्हांस झाला होता, तो आवरला. आत्याबाई चिखलाविषयी बोलत होत्या, आणि चिखलाविषयी इतके चांगले बोलणे सोपे नाही.

गोधड्यांविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या बहुतेक वापरून झिजल्या, आणि तेच योग्य.

त्रेचाळीस ओव्यांपैकी सव्वीस आम्ही आठवून, घरच्या बायकांस विचारून, पुन्हा मूळ रूपात लिहून काढल्या आहेत. 'डोरा' परत आला आणि मोरही परत आला. उरलेल्या सतरांत आमचा शब्द कोणता आणि आत्याबाईंचा कोणता, हे आता सांगता येत नाही. त्या आम्ही तशाच ठेवून वर आमचे नाव घातले आहे. या वहीखेरीज आमच्या पुतणीच्या मुलीने भ्रमणध्वनीवर घेतलेले एक ध्वनिमुद्रण आहे. त्यात चार ओव्या आहेत. तिसरीच्या मध्यावर आत्याबाई थांबतात, आत कोणास तरी दूध उतू जात असल्याचे ओरडून सांगतात, आणि ओवी जेथे सोडली होती नेमकी तेथूनच उचलतात.