एक गिटार, चार ॲम्प्लिफायर

एकाच विद्युत्-गिटारीचा ध्वनी अनेक ॲम्प्लिफायरांतून नेण्याचे प्रयोजन आवाज वाढविणे हेच होय, असा समज आढळतो. तो टिकण्याजोगा नाही. शक्ती दुप्पट झाली तरी पातळी ३ डेसिबलनेच वाढते. तेवढ्यासाठी दुप्पट ओझे कोण वाहील? खरे प्रयोजन यंत्रायंत्रांतील भेद हे आहे. अर्थात हा भेद घातकही ठरतो. दोन ॲम्प्लिफायरांच्या ध्वनींना श्रोत्यापर्यंत येताना सुमारे ३४ सेंटिमीटरांचे अंतर पडले, तर ५०० हर्ट्‌झच्या आसपासचा नाद परस्परांना छेदतो आणि दोहोंचा मेळ एकट्याहूनही कृश भासतो.

भेदाचा कलात्मक विनियोग कसा होतो हे द स्मिथ्स ह्या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाच्या 'हाउ सून इज नाउ?' (१९८४) ह्या गीतात दिसते. वादक जॉनी मार आणि निर्माते जॉन पोर्टर यांनी गिटार प्रथम कंपाविना मुद्रित केली व तेच मुद्रण फेंडर ट्विन रिव्हर्ब जातीच्या चार ॲम्प्लिफायरांतून पुन्हा वाजविले. दोहोंवर मार, दोहोंवर पोर्टर. प्रत्येकाच्या कंपाची गती हातांनी लयीशी जुळवायची, ती सुटली की फीत मागे न्यायची. केव्हा केव्हा दहा सेकंदांचाच तुकडा पदरात पडे.

ह्या कंपास 'आंदोलन' म्हणण्याचा मोह टाळावा. आंदोलनात स्वरच हलतो. येथे स्वर अचल राहून केवळ तीव्रता उणी-अधिक होते. (खुद्द फेंडरनेही त्यास 'व्हायब्रॅटो' असे चुकीचे नाव दिले आहे.)

ही तंत्रज्ञाची करामत आहे, वादन नव्हे, असा आक्षेप संभवतो. मला तो मान्य नाही. एकच ॲम्प्लिफायर असता तर कंप यंत्रवत् झाला असता; चारही तंतोतंत जुळते तर एकाचेच स्थूल रूप ऐकू आले असते. येथे ते जुळतात, किंचित ढळतात आणि पुन्हा सावरले जातात. गीतातील एकाकी माणसाची अस्वस्थता मला शब्दांआधी ह्या ढळण्यातच जाणवते. हे सावरणे लयीच्या जाणकारीवाचून होत नाही. मग त्यास वादन का म्हणू नये?

स्वरलिपीत मात्र ह्यातील काहीच उतरत नाही. तीत हा भाग फार थोड्या ओळींत आटोपेल आणि अभ्यासकास तो दरिद्री वाटेल. ह्या कृतीची संहिता म्हणून मुद्रणच समोर ठेवले पाहिजे, आणि तेही दोन्ही कानांनी ऐकून.