घर आणि घराणे

भुशीहून लोणावळा स्टेशनवर यावे, पुण्याची लोकल पकडावी, की कुठेतरी टाळी ऐकू येतेच. दहा रुपये द्यायचे, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा. आपला संबंध तिथे संपतो. ही रात्री कोणाच्या घरी जाते, असे मी कधी स्वतःला विचारले नव्हते. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ पुन्हा वाचताना तो प्रश्न आडवा आला.

वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले हे आत्मकथन २०१२ साली आले. देहाविषयीचे धीट कथन म्हणून त्याची दखल घेतली गेली. मला मात्र ते नात्यांचे पुस्तक वाटते. ठाण्यातल्या ब्राह्मण घरातला, भरतनाट्यम शिकलेला थोरला मुलगा लष्कर घराण्यात लतागुरूंचा चेला होतो. त्याला गुरुभाई मिळतात, पुढे स्वतःचे चेले होतात. आणि तरी आईवडिलांचे दार बंद होत नाही. ही दोन घरांची ओढाताण पुस्तकाचा खरा गाभा आहे. चेल्याने गुरूला द्यायचा कमाईतला वाटा, घराण्याची शिस्त, गुरू बदलण्याची किंमत यांवर लेखन रेंगाळत नाही, ही उणीव जाणवते. घराणे आसरा देते, तसे बांधूनही ठेवते. (गाण्यातल्या घराण्यांबद्दल हे आपण सहज मान्य करतो.)

जेनी लिव्हिंग्स्टन यांच्या ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) या माहितीपटात न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, पारलिंगी मुले अशाच घरांत राहतात. त्या घराला ‘हाउस’ म्हणतात, प्रमुखाला ‘मदर’, आडनावही हाउसचेच. नाचाच्या, पेहरावाच्या स्पर्धेत मुले हाउससाठी उतरतात. पण त्या आईपणाचा कस स्पर्धेत लागत नाही. व्हीनस एक्स्ट्राव्हगांझाचा १९८८ मध्ये खून झाला, तेव्हा पोलीस फोटो घेऊन आले ते अँजी एक्स्ट्राव्हगांझाकडे. जन्मघरी बातमी कळवण्याचे कामही या मानलेल्या आईवरच आले. अँजी हे कॅमेऱ्यासमोर सांगते, तो प्रसंग मला साऱ्या झगमगाटाहून मोठा वाटतो.

लक्ष्मी यांना जन्मघर राहिले. ज्यांना राहत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे २०१९ चा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात कुटुंब म्हणजे रक्ताचे, लग्नाचे किंवा कायदेशीर दत्तकाचे नाते. आईबाप सांभाळू शकत नसतील, तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असे कलम १२ सांगते. गुरूच्या घराचा त्यात उल्लेख नाही.