उपनगरांतील कला आणि तिचा प्रेक्षक

मुंबईंत कला कोठें पाहावी असें कोणीं विचारिलें, तर अंधेरी-बोरिवलीचा किंवा मुलुंड-घाटकोपरचा सुशिक्षित गृहस्थ विनासंकोच दक्षिणेकडे बोट दाखवितो. त्याचें फारसें चुकतें असेंहि नाहीं. जहांगीर कलादालन १९५२ सालीं काळ्या घोड्यापाशीं उघडलें, राष्ट्रीय आधुनिक कलादालन १९९६ सालीं त्याच्या जवळच आलें, आणि १९९९ सालीं त्याच परिसरांत कलामहोत्सव भरूं लागला. यामुळें उपनगरवासीयाच्या मनांत एक वाटणी पक्की झाली आहे : झोपणें, मुलांच्या शिकवण्या आणि वाण्याचें सामान इकडे, चित्र, शिल्प आणि नवा विचार तिकडे. ही वाटणी आम्हांस मान्य नाहीं. ती मोडण्यासारखें बरेंच कांहीं आपल्या दाराशीं आहे, आणि तें आपलें म्हणून पाहणारा मात्र क्वचित् भेटतो.

नाटकापुरती ही वाटणी केव्हांच मोडली. पार्ल्याचें दीनानाथ, मुलुंडचें कालिदास, बोरिवलीचें प्रबोधनकार ठाकरे हीं नाट्यगृहें मराठी घरांत ठाऊक आहेत. जुहूच्या पृथ्वी थिएटरची गोष्ट निराळी. शशी कपूर व जेनिफर केंडल यांनीं तें ५ नोव्हेंबर १९७८ रोजीं उघडलें. वास्तुकार वेद सेगन यांनीं रंगमंच प्रेक्षकांत पुढें आणून तीन बाजूंनीं बैठका मांडल्या, आणि जागा दोनशेंच्या आसपासच ठेविल्या. पहिलाच प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा होता. एका प्राध्यापकाच्या राजकीय मतांची विद्यापीठानें चालविलेली चौकशी हा त्याचा विषय. मूळ नाटक मराठी, प्रयोग हिंदी, आणि रंगमंचावर नसीरुद्दीन शहा व ओम पुरी. उपनगरांत केवळ करमणूक चालते असें म्हणणाऱ्यांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी. तथापि ‘तें हिंदी-इंग्रजीवाल्यांचें’ हे उद्गार आम्हीं मराठी घरांतून अनेकदां ऐकिले आहेत, व प्रत्येक वेळीं आम्हांस त्यांचा विषाद वाटला आहे.

खरा पेंच चित्र-शिल्पांचा. अंधेरीच्या पूर्वेस सहारच्या विमानतळावर २०१४ सालीं नवी इमारत सुरू झाली, तेव्हां तीत ‘जय हे’ या नांवानें एक अफाट संग्रह मांडण्यांत आला. राजीव सेठी यांच्या योजनेनुसार सुमारें तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर पांच हजारांहून अधिक वस्तु आल्या. जुन्या कोरीव कामाच्या शेजारीं आजच्या चित्रकारांकडून व कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेलीं कामें बसलीं. जुनें व नवें, लोककलेचें व कलाशाळेचें, सर्व एका पंक्तीस आणण्याचें धैर्य आपल्या संग्रहालयांनीं क्वचितच दाखविलें आहे; त्याचें श्रेय सेठींस दिलेंच पाहिजे. दोष आहे तो दाटीचा. एका वस्तूवर नजर ठरते न ठरते, तोंच दुसरी तिला ढकलते. आणि पाहणारा तरी कोण? हातांत पारपत्र, पाठीवर ओझें, लक्ष घड्याळाकडे! मरोळच्या चाळींत राहणारा चित्रकलेचा विद्यार्थी तिकिटावांचून त्या भिंतीपर्यंत पोंचूंच शकत नाहीं. पहाऱ्याची अडचण आम्हांस कळते. त्या कामांत कलासमीक्षकानें नाक खुपसूं नये हें बरें. परंतु अशा संग्रहांतील पन्नास-साठ वस्तु वर्षांतून एकदां पार्ल्याच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या सभागृहांत आणून मांडल्या, तर कोणती सुरक्षितता ढळणार आहे?

याच्या नेमकी उलट गोष्ट अक्षरांची. तेथें पाहणारे लाखों आहेत, पण आपण कलाकृति पाहत आहों हें त्यांस ठाऊक नाहीं. पवईच्या आय. आय. टी.मध्यें १९६९ सालीं औद्योगिक संकल्पनाचें केंद्र निघालें, र. कृ. जोशी यांनीं तेथें कित्येक वर्षें अक्षरकला शिकविली. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षें राहिलेलें ‘मंगल’ हें वळण त्यांनींच घडविलें. तें देखणें आहे काय? पुस्तकाच्या पानावर आम्हांस तें रुक्ष वाटतें. निर्णयसागरच्या खिळ्यांचा डौल त्यांत नाहीं. परंतु पडद्यावरच्या बारीक ठिपक्यांत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षर हीं वेगवेगळीं कळलीं पाहिजेत, आणि हें काम तें चोख बजावितें. कुंचल्यानें मनसोक्त अक्षरें खेळविणाऱ्या ह्या कलावंतानें येथें आपला हात किती आवरून धरिला आहे, हें त्यांचीं सुलेखनें शेजारीं ठेवून पाहिल्यासच उमगतें. शाळांतील चित्रकलेच्या शिक्षकांनीं हा ताळा मुलांपुढें अवश्य मांडावा. खर्च कांहींच नाहीं.

आणि मुलांस काळ्या घोड्याकडे नेणाऱ्या आईबापांनीं एखादा रविवार बोरिवलीस उतरून कान्हेरीसाठींहि राखावा. तेथें शंभरांहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. आपली देवनागरी ज्या लिपीपासून उतरली ती लिपि तेथें उघड्या दगडांत उभी आहे, आणि पवई त्याच डोंगरांच्या दक्षिणेस आहे. लेख वाचतां येणार नाहीं. पण टांकी कोठें वळली व कोठें थांबली, हें दहा वर्षांच्या मुलासहि दिसतें. सोमवारीं उद्यान बंद असतें, तेवढें पाहून निघावें.