उसनं आभाळ

बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या बी.कॉम. माणसाने कलेवर बोलू नये, असा आमच्या घरातला संकेत आहे. पण परवा भाच्याने माझ्यावर टीकाकार होण्याची पाळी आणली.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी आम्ही सगळे अलिबागला गेलो होतो. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली, समोर कुलाबा किल्ला आणि ओल्या वाळूतून किल्ल्याकडे निघालेली एक घोडागाडी. मी फोटो काढला. फोटो काढणं म्हणजे माझ्या लेखी बटण दाबणं. त्यामुळे क्षितिज असं कललं, की अरबी समुद्र कोणत्याही क्षणी फ्रेमबाहेर सांडेल. वाळू झकास आली. आभाळ मात्र कोऱ्या चेकसारखं पांढरं.

हा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचं ठरलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आधी जरा एडिट करू."

त्याने क्षितिज सरळ केलं. मान्य. किल्ला अगदी मधोमध बसला होता, पाहुण्यांच्या मधोमध बसलेल्या नवरदेवासारखा. "फ्रेमचे तीन भाग कल्पायचे आणि मुख्य वस्तू तिसऱ्या भागाच्या रेघेवर आणायची," असं म्हणून त्याने कडा कापून तो उजवीकडे घेतला. हेही मान्य. घोडागाडीला एकदम धावायला जागा मिळाली. मग त्याने फोनमधल्या साठ्यातून एक केशरी आभाळ काढलं आणि मावळत्या सूर्यासकट माझ्या समुद्रावर चिकटवलं.

"वा!" सगळे म्हणाले.

"घोडा बघ," मी म्हणालो. सकाळचं ऊन आमच्या पाठीमागून, म्हणजे पूर्वेकडून येत होतं. घोड्याची सावली पुढे समुद्राकडे पडली होती, आणि समोर तर सूर्य मावळत होता! सावली सूर्याकडे धावतेय, असा चमत्कार अलिबागला अजून झालेला नाही.

"मामा, सावल्या कोण बघतं? आणि आभाळ बदलणं जुनंच आहे." असं म्हणून त्याने मला गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच गृहस्थाचं 'महालाट' हे १८५७ सालचं छायाचित्र दाखवलं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत नावाचं बंदर आहे, तिथलं.

मी बराच वेळ बघत राहिलो. लाट फुटतेय, डावीकडे दगडांचा बांध, वर जडशीळ ढग. त्या काळच्या काचा निळ्या रंगाला जरुरीपेक्षा जास्त भुलत. समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला, की आभाळ पांढरंफटक होई. म्हणजे दुखणं माझंच. ल ग्रेने एक काच समुद्रासाठी घेतली, दुसरी आभाळासाठी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या. एकच आभाळ त्याने एकाहून जास्त चित्रांना वापरलं, असंही म्हणतात. बँकेत अशा माणसाला आम्ही निलंबित केलं असतं.

पण चित्र खोटं वाटत नाही. जोड क्षितिजावर घेतलाय, जिथे निसर्गानेच आधी रेघ मारून ठेवली आहे. आणि वरचा उजेड खालच्या पाण्याशी भांडत नाही. डोळ्यांना दिसलेलं काचेला दिसलं नाही, तेवढीच तूट त्याने भरून काढली. आभाळाचा हिशेब असा जुळवणाऱ्या या माणसाला स्टुडिओचा जुळवता आला नाही. देणेकऱ्यांना मागे ठेवून १८६० साली तो पॅरिसमधून निघाला. पुढे कैरोत चित्रकला शिकवत राहिला आणि १८८४ साली तिथेच वारला. असो. त्याचं उसनं आभाळ फिटलं, उसने पैसे फिटले नाहीत.

"बघ," मी भाच्याला म्हणालो, "यानेही फेरफार केला, पण टॅली करून. तू—" आणि मी थांबलो. फोटोचा डावा कोपरा रिकामा होता.

"इथे काय होतं?"

"कोणीतरी पाठमोरा माणूस होता. लक्ष तिकडे जातं, म्हणून पुसला."

ते आमचे दादा होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. "माझा नको, समुद्राचा काढ," म्हणत बाजूला होत होते, पण मी बटण लवकर दाबलं. गेल्या वर्षी ते गेले.

भाच्याने फोन खाली ठेवला. "आजोबा होते?" एवढंच म्हणाला.

त्याचा दोष नव्हता. करंगळीच्या नखाएवढे दिसत होते. पण आमच्या लेजरमध्ये चूक झाली तर आडवी रेघ मारून सही करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. खोडरबर वापरायचं नाही.

भाच्याने मूळ फोटो पुन्हा घेतला. क्षितिज सरळ केलं आणि या वेळी डावी कड न कापता सोडली. किल्ला राहिला मधोमध. आता दिवाणखान्यात तोच लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, "आभाळ नाही का आलं?"

"आलं होतं," बायको चहा पुढे करत सांगते, "यांनी परत पाठवलं."